बेरोजगारीचा दर वर्षभरात ७ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे त्या शहरात कामं वाढली असं समजून तिथं नोकरीसाठी जावं का?

एवढ्या एका आकड्यावर घर हलवू नका. लोकांना काम मिळालं की दर उतरतो हे खरं, पण त्यांनी काम शोधणं थांबवलं किंवा शहर सोडलं तरीही तो उतरतो.

हिशोब मांडून बघा. समजा, शहरात ४,६५,००० जण कामावर आहेत आणि ३५,००० जण काम शोधताहेत. दोन्ही मिळून श्रमशक्ती झाली ५ लाख, आणि त्यात काम शोधणाऱ्यांचा वाटा, म्हणजेच दर, ७ टक्के. वर्षभरात कामावरच्यांची संख्या एकानंही वाढली नाही, पण शोधणाऱ्यांपैकी १०,५०० जण कंटाळून घरी बसले किंवा दुसरीकडे निघून गेले. उरले २४,५००, श्रमशक्ती ४,८९,५००, आणि दर बरोबर ५ टक्के! मी रोज याच आकडेवारीत असतो, आणि हे १०,५०० जण बातमीत कुठेच दिसत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या निकषांप्रमाणे बेरोजगार ठरायला हाती काम नसणं पुरत नाही. अलीकडे, साधारण गेल्या चार आठवड्यांत, काम शोधलेलं असावं लागतं आणि मिळालं तर करायची तयारीही लागते. उलट, पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात मोजला जातो.

मध्यम शहरांना आणखी एक धोका असतो, तो म्हणजे एकाच धंद्यावरची मदार. अमेरिकेतलं एल्कहार्ट फिरत्या घरांच्या गाड्या बनवण्यावर चालतं. मंदीत लोकांनी सगळ्यात आधी असल्या चैनीच्या वस्तू घेणं थांबवलं, आणि ४.७ टक्क्यांचा दर वर्षभरात, २००९ च्या सुरुवातीला, १५ च्या वर गेला. अमेरिकेतल्याच पिट्सबर्गमध्ये पोलाद कारखाने बंद पडत गेले तेव्हा, १९८३ मध्ये, दर १७ टक्क्यांच्या घरात होता. पुढे तो खाली आला खरा, पण त्याच दशकात महानगराची लोकसंख्याही घटली. कामाच्या शोधात बाहेर पडलेले लोक तिथल्या बेरोजगारांत धरलेच जात नव्हते.

दर वाढणंही नेहमी वाईट नसतं. भरती सुरू झाल्याची कुणकुण लागली की घरी बसलेले पुन्हा अर्ज करायला लागतात आणि काही महिने आकडा चढलेला दिसतो.

शहराचा आकडा नमुना पाहणीतून आला असेल तर तो किती जणांवरून काढलाय हे जरूर बघा. श्रमशक्तीतले हजार जण नमुन्यात असतील आणि दर ५ टक्के आला असेल, तर दोन्ही बाजूंना साधारण १.३ टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते. एकाच घरातली, एकाच वस्तीतली माणसं घेतली असतील तर थोडी जास्तच. त्यामुळे ४.८ चे ५.४ झाले तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तुलनाही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण बांधकाम, पर्यटन, नुकतेच शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी यांमुळे आकडा दरवर्षी ठरावीक महिन्यांत हलतोच.

तुमच्यासाठी मी आधी १५ वर्षांवरील लोकसंख्येपैकी किती टक्के कामावर आहेत ते बघेन. दर उतरला, हे प्रमाण चढलं आणि कामावरच्यांची एकूण संख्याही वाढली, तर कामं खरंच वाढताहेत; नुसतं प्रमाण लोक शहर सोडून गेल्यानंही चढू शकतं. मग तुमच्या क्षेत्रातली पगारावरची माणसं दोन-तीन वर्षांत वाढली की घटली ते तपासा. इथं एक लक्षात ठेवा: घरोघरच्या पाहणीत माणूस राहतो त्या ठिकाणी मोजला जातो, तर आस्थापनांच्या नोंदीत काम करतो त्या ठिकाणी. शेजारच्या गावांतून रोज ये-जा करणारे बरेच असतील तर दोन्ही आकडे जुळणार नाहीत. तुम्ही नोकरीसाठी जाताय, तेव्हा आस्थापनांच्या आकड्यांना जास्त वजन द्या.

तुमचं क्षेत्र कोणतं ते खाली लिहिलंत, तर नेमकं काय तपासायचं ते सांगतो.