तहांची शीट आता तुझ्याकडे

अरे ऐक,

काल बाड्यावर भेटलो तेव्हा गर्दीत धड बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. आपण एकेक देश चालवतो त्या गेममधल्या तहांची शीट या सीझनपासून तुझ्याकडे, आणि तुला ते कारकुनी काम वाटतंय हे तोंडावरच दिसत होतं. वाटू दे. लढाई पेटली ना की जीएमला, म्हणजे गेम चालवणाऱ्याला, पण तीच शीट उघडावी लागते.

सगळ्यात आधी मजकूर. आपल्या शब्दात सारांश लिहू नकोस, दोघा प्लेयरनी जे कबूल केलं ते जसंच्या तसं चिकटव. मागे मी "संकटात तांबडगड शंखद्वीपाला मदत करेल" एवढंच टाकलं होतं, हल्ला झाला तर तांबडगडवाल्याने दोनशे पोती बाजरी पाठवली आणि म्हणे झाली की मदत! शंखद्वीपवाला फौजेची वाट बघत बसलेला, राजधानी गेली त्याची. आम्ही हसून हसून मेलो पण तो पोरगा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि चूक माझीच होती. म्हणून खोदून विचार, फौज का धान्य, किती, आणि हल्ला कोणी काढला तर. इटलीची जर्मनी-ऑस्ट्रियाशी १८८२ पासून युती होती पण ती बचावापुरती, १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा इटलीवाले म्हणाले लढाई तुम्ही काढलीत, आम्ही नाही येत. वर पुढच्या साली समोरच्या बाजूने उतरले!

तारखेचं तर विचारूच नको. सालबाई आपल्याच ग्वाल्हेर जिल्ह्यातलं गाव, तिथला इंग्रज-मराठ्यांचा तह १७ मे १७८२ चा, पण नाना फडणवीसांनी पुण्याहून मंजुरी दिली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये. म्हैसूरचा हैदर अली तोवर इंग्रजांविरुद्ध मराठ्यांच्या बाजूचा, तो डिसेंबरात वारला, मग नानांना थांबण्यात काही राहिलं नाही. म्हणजे सही कधी आणि मंजुरी कधी हे दोन वेगळे कॉलम हवेत, टर्न नंबरसकट, नाहीतर मधल्या काळात कोणी चढाई केली की तह मोडला का नाही यावर रात्रभर भांडण. आणि एक कॉलम जामिनाचा ठेव, सालबाईत महादजी शिंदे दोन्हीकडचे जामीन होते, आपल्याकडे मात्र तहात तिसरा कोण होता हे कोणी लिहीतच नाही.

मोडलेला तह डिलीट करायचा नाही. म्हणजे नाहीच. मी एकदा शीट साफ दिसावी म्हणून जुन्या ओळी उडवल्या, दोन टर्नने एकजण म्हणाला मी कधी सहीच केली नव्हती, दाखवायला माझ्याकडे काय, ठेंगा. नुसतं स्टेटस बदल, "मोडला, टर्न अमुक, कोणी". दुरुस्ती असेल तर नवीन ओळ, जुनीत हात घालायचा नाही. जुन्या मोडी पत्रांत शेवटी मोर्तब (छोटा शिक्का) असायची, मजकूर इथे संपला, खाली कोणी ओळ घुसवू नये म्हणून. आपली मोर्तब म्हणजे दोघांच्या "मान्य" चा स्क्रीनशॉट आणि लॉक केलेली ओळ.

आणि हो, प्लेयर गेम सोडून गेला तर तह देशाचा, त्याचा नाही, नवीन येणाऱ्याला आधी शीट वाचायला लाव.

गुप्त तह थेट जीएमकडे, तू बघूच नको, कारण तू पण एक देश चालवतोस आणि तुझ्या पोटात काही राहत नाही (राग मानू नको). पण जो तह ना तुझ्याकडे ना जीएमकडे, तो भांडणात पुढे करता येणार नाही हे सगळ्यांना आत्ताच सांग. यूएनच्या सनदेत १०२ वं कलम हेच म्हणतं, नोंदवलेला नसेल तर यूएनपुढे त्या तहाचा आधार घेता येत नाही.

टर्न ३१ चे चार तह अजून अर्धवट आहेत, एकात तर सहीच एकाची. रविवारी घरी ये, बसून पूर्ण करू. येताना चार्जर आण, मागच्या वेळी माझाच घेऊन गेलायस.