ज्येष्ठ पौर्णिमा आणि कोरडी विहीर

प्रश्न : माझी मुलगी नागपूरला शिकते. जून महिन्यातील पौर्णिमेला ‘स्ट्रॉबेरी मून’ म्हणतात, ती समृद्धीची पौर्णिमा असून त्या रात्री मागितलेले मिळते, असे तिने मोबाइलवर वाचून मला सांगितले. आमच्याकडे त्या दिवसांत विहिरीने तळ गाठलेला असतो, बियाण्याच्या पैशांची जुळवाजुळव सुरू असते आणि सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागलेले असतात. अशा उन्हाळी पौर्णिमेचा समृद्धीशी काय संबंध? आणि त्या रात्री चंद्र खरोखर गुलाबी दिसतो का?
— एक वाचक भगिनी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी गुलाबी रंगाचे बोलू. ‘स्ट्रॉबेरी मून’ हे नाव उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील अल्गोंक्विन भाषा बोलणाऱ्या आदिवासींकडून आलेले आहे; त्यांच्या रानात जूनमध्ये ही फळे पिकतात, म्हणून त्या पौर्णिमेला फळाचे नाव मिळाले. चंद्राच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. क्षितिजाजवळचा कोणताही चंद्र तांबूस दिसतो आणि वर चढला की पांढरा होतो. तेव्हा त्या लोकांची चूक काहीच नाही, त्यांनी आपल्या रानाकडे पाहून नाव ठेवले. चूक होते ती त्यांच्या रानातले फळ आपण आपल्या बांधावर शोधू लागतो तेव्हा.

आपल्या महिन्यांची नावे आकाशावरून पडली आहेत. पौर्णिमेचा चंद्र विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो तो वैशाख, ज्येष्ठा नक्षत्राच्या आसपास असतो तो ज्येष्ठ. नाव आकाशाचे असले, तरी या दोन्ही पौर्णिमांचा अर्थ मात्र आपल्याकडे जमिनीवरच, तोही पाण्यापाशी, उलगडतो. वैशाखी पौर्णिमा ही बुद्ध पौर्णिमा; भगवान बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरेने याच तिथीला मानल्या जातात. त्याच रात्री ताडोबा आणि मेळघाटात पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेतली जाते, कारण चांदणे भरपूर आणि पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेले असते. उजेड पूर्ण आणि पाणी अपुरे, ही आपल्या उन्हाळ्याची खरी स्थिती आहे. चितळ, रानगवा, अस्वल आणि वाघ एकाच पाणवठ्यावर येतात, मात्र आपापली वेळ राखून.

आता समृद्धीकडे येऊ. आपण शेतकरी कुटुंबातील असल्यामुळे समृद्धी म्हणजे शेताचे पीक, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या हिशेबाने वैशाख-ज्येष्ठ हे रिकामेच महिने ठरतात. परंतु ज्या दिवसांत शेत काही देत नाही, त्याच दिवसांत न पेरलेले बरेच काही येत असते. मी गडचिरोलीकडील एका गावात मोहफुले वेचताना पाहिली आहेत. चैत्रात झुंजूमुंजू होण्याच्या आत ती वाळल्या पानांवर टपटप पडतात. अस्वलालाही ती आवडतात, म्हणून बाया मोठ्याने बोलत, एकमेकींना हाका मारत झाडाखाली जातात. फूल फिकट पिवळे, रसाने फुगलेले असते आणि चार मुठी वेचल्या की बोटे चिकट होतात. ऊन चढेपर्यंत टोपली भरते, आणि अंगणात पसरलेली तीच फुले काही दिवसांत मनुकांसारखी तपकिरी होतात. मोहामागून चारोळी येते, मे महिन्यात तेंदूपाने येतात आणि गावोगावच्या आमराया उतरू लागतात. यातले बहुतेक कोणी पेरलेले नसते.

न पेरता आलेल्या या गोष्टींवर पहिला हात कोणाचा, याला आपल्या भागातील माणसांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. गडचिरोलीच्या माडिया समाजात ‘मरका पंडुम’ झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. मरका म्हणजे आंबा आणि पंडुम म्हणजे सण. आपल्याकडच्या अनेक शेतकरी घरांत अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून आमरसाचा नैवेद्य दाखवल्यावरच घरची माणसे आंब्याला हात लावतात. दोन समाज, दोन भाषा, पण क्रम एकच : आधी दुसऱ्याचे, मग आपले. (यामुळे कोवळी फळे ओरबाडली जात नाहीत, हा फायदाही लहान नाही.) ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळल्यावर बाया एकमेकींना आंब्याचे वाण देतात, तेही याच क्रमातले आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आणि लगोलग तहानलेल्यांना पाणी सांगितले. विदर्भाचा उन्हाळा अंगावर काढलेला माणूस पाण्याला मागे ठेवूच शकत नाही.

तेव्हा त्या रात्री काय मागावे, हा प्रश्न मला आपल्याकडचा वाटत नाही. मागण्यावर माझा आक्षेप नाही. पाऊस तर आपण सगळेच मागतो. पण ज्या पौर्णिमेला विहीर कोरडी आहे, त्या पौर्णिमेला तुमच्या दाराशी आलेल्या वाटसरूला माठातला तांब्या मिळतो का, आणि वाणाच्या पाच आंब्यांतला चांगला आंबा तुम्ही शेजारणीला देता की डागाळलेला, एवढ्यावरच तुमच्या घरची समृद्धी मोजता येते.

मुलगी सुटीत घरी आली, की त्या रात्री अंगणात बाज टाका आणि तिला दक्षिणेकडे पाहायला सांगा. उन्हाळ्यातला पूर्णचंद्र हिवाळ्यातल्यासारखा डोक्यावर येत नाही, दक्षिणेच्या अंगाने खालूनच सरकत जातो. चांदण्याने बाकीचे तारे पुसले गेले, तरी त्याच्या आसपास एक तांबूस तारा दिसेल. ती ज्येष्ठा. रात्रभर गुलाबी राहणारे त्या आकाशात तेवढेच आहे.