खाडीत गळ टाकायला छोटी लाकडी होडी घरी बनवता येईल का? सुतारकाम जेमतेम येतं.

येईल. फक्त सुरुवात फळ्यांच्या होडीपासून करू नका. फळी वाकवणं, सांधे भरणं हे जाणत्याच्या हाताखाली शिकायचं काम. तुम्ही प्लायवूडची, सपाट तळाची, आठ-दहा फुटांची होडी करा. आपल्याकडे पूर्वी फळ्या काथ्याने शिवत; इथे प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनने, भरायचे. आराखडा स्वतः काढू नका, आधी कुणीतरी बांधलेला घ्या आणि पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करून बघा.

पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, प्लायमध्ये नाही. 6 मिमी जाडीचा, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायच हवा. कापलेली कड नीट बघा, आतल्या थरात पोकळी दिसली तर तो तुकडा तळाला वापरू नका.

सगळा जीव सांध्यात असतो. इपॉक्सीत लाकडाची बारीक भुकटी घालून घट्ट लगदा करा, आतल्या कोपऱ्यात भरा, चमच्याच्या पाठीने गोलसर करा आणि वर फायबरग्लासची (काचेच्या धाग्यांच्या कापडाची) पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवा. एका वेळी थोडंच कालवा. खोल भांड्यात जास्त कालवलं तर तापतं आणि हातातच घट्ट होतं. हातमोजे घालाच. प्लायच्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

बसायच्या फळीखाली हवाबंद कप्पे ठेवा, म्हणजे पाणी भरलं तरी होडी बुडणार नाही. पहिली चाचणी लाइफ जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात, भरती चढत असताना. ओहोटीला नको, पाणी बाहेर ओढतं. होडीच्या नोंदणीचं मत्स्यव्यवसाय खात्यात आधीच विचारून घ्या.