हॉलिवूडचे मूकपट कंटाळवाणे वाटतात, सुरुवात कुठून करू?

मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन, त्याच्यापासून करा. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. तो वाचतो, कारण नेमका माळ्याच्या उघड्या खिडकीच्या जागी उभा असतो. भिंत खरी, माणूस खरा, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही!

मग चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१). बोलपट येऊन स्थिरावले तरी गड्याने संवाद घेतलेच नाहीत. शेवटी पूर्वी आंधळी असलेली फुलवाली त्याला हाताच्या स्पर्शावरून ओळखते, तिथे पॉपकॉर्न बाजूला ठेवा.

एक मात्र बघा: साधं चालतानाही सगळी माणसं तुरुतुरु पळताना दिसली, तर प्रत बहुधा चुकीच्या वेगाने उतरवलेली असते. दुसरी शोधा. आणि मोबाइलवर तर नकोच.