स्केटचे बूट आणि नेहमीचे स्नीकर्स

प्रश्न : माझा मुलगा स्केटबोर्ड शिकतो आहे. धावण्याचे चांगले बूट घरात असताना त्याला वेगळे बूट घ्यावेत का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : बेळगावात स्केटिंग म्हटले की चाकांचे स्केटच आधी आठवतात, स्केटबोर्डवर मात्र पायातला साधा बूटच सारे काम करतो, म्हणून वेगळा बूट घेणे योग्य ठरेल. धावण्याच्या बुटाची टाच जाड फोमने उचललेली आणि वरचा भाग जाळीचा असतो. त्यामुळे फळीचा अंदाज पायाला नीट येत नाही, आणि फळीवर चिकटवलेला सॅंडपेपरसारखा खरखरीत कागद ती जाळी पाहता पाहता फाडतो. मुलाच्या बुटाची करंगळीकडील बाजू पाहा. उडी मारताना पाऊल तिथेच घासत वर जाते. स्केटच्या बुटाला म्हणूनच त्या जागी स्वेड (मऊ, लवदार) चामडे आणि दुहेरी-तिहेरी शिवण असते, तर तळ सपाट व चिकट रबराचा असतो. व्हॅन्स कंपनी १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, तेव्हा तिचे बूट स्केटबोर्डसाठी नव्हतेच. जाड, पकड घेणाऱ्या तळामुळे स्केटर मुलांनीच ते आपलेसे केले.

या बुटांचे तळ मुख्यतः दोन प्रकारचे. पातळ, व्हल्कनाइज्ड (उष्णता देऊन रबर पक्के केलेल्या) तळात फळी चांगली जाणवते, पण उंचावरून उतरताना टाचेला हादरा बसतो. कपसोल, म्हणजे वाटीसारखा एकसंध जाड तळ, थोडा ताठर, मात्र अधिक टिकाऊ. खडे बाजारात खरेदीला जाल तेव्हा ‘वाढत्या पायाचा’ म्हणून एक नंबर मोठा घेण्याचा मोह टाळावा, कारण टाच आत सरकली की फळीवरचा ताबा सुटतो. बोटे टोकाला दाबली न जाता जेमतेम टेकावीत.