चक्रवाढीतलं चक्र

विचारणा अशी: प्राणी-वनस्पतींच्या संख्येवरची एक पुस्तिका मराठीत आणताना 'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ'ला 'घातांकी वाढ' आणि 'लॉजिस्टिक ग्रोथ'ला 'पुरवठा वाढ' म्हटलेलं चालेल का?

'घातांकी' चूक नाही, पण घरात 'चक्रवाढ' असताना तो कशाला? आणि कृपा करून भराभर होणाऱ्या प्रत्येक वाढीला तो शब्द चिकटवू नका. परवाच एका व्याख्यानात ऐकलं, 'दरवर्षी दहा-दहा हजार झाडं वाढली, म्हणजे एक्स्पोनेन्शियल!' अहो, ते सरळव्याज झालं. चक्रवाढीत व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या साली तेही व्याज देऊ लागतं. पिल्लं मोठी होऊन वितात, तसं.

बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर अमेरिकी तटरक्षक दलाने 1944 साली 29 रेनडिअर सोडले. 1957 मध्ये ते 1,350 भरले. शाळेतलं सूत्र लावा: मुद्दल 29, मुदत 13 वर्षं, रास 1,350. दर येतो द.सा.द.शे. सुमारे 34. त्याच दराने सरळव्याज धरलं तर रास जेमतेम दीडशेच्या वर जाते. शिवाय रेनडिअरच्या माद्या वर्षातून एकदाच, वसंतात वितात. म्हणजे आकारणीसुद्धा वार्षिक!

आता खरी गंमत. 'चक्रवाढ' हे संस्कृत 'चक्रवृद्धी'चं मराठी रूप. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो शब्द दोनदा येतो. 153व्या श्लोकात व्याजाच्या प्रकारांमध्ये, आणि तीनच श्लोकांनंतर 156मध्ये 'चक्रवृद्धिं समारूढो' असा. या दुसऱ्या जागी टीकाकार गाडीभाडं असा अर्थ घेतात, जर्मन संस्कृतपंडित ब्यूलर यांनीही 1886च्या इंग्रजी भाषांतरात तोच घेतला. तिथे ठरलेल्या स्थळाची नि वेळेची अट आहे, तेव्हा तो अर्थ बसतो, मान्य. पण तेवढ्यावरून 'चक्रवाढीतलं चक्र म्हणजे बैलगाडीचं चाक' असं सांगत सुटणाऱ्यांनी नारदस्मृती उघडलेली दिसत नाही. तिथे स्वच्छ म्हटलंय: 'वृद्धेरपि पुनर्वृद्धिश्चक्रवृद्धिरुदाहृता', वाढीचीही पुन्हा वाढ ती चक्रवृद्धी. माझ्या मते सगळं मर्म त्या 'पुनः'मध्ये आहे. हे चक्र माल वाहणारं नाही, फिरून मूळ जागी येणारं आहे. व्याज निघतं, वळसा घेतं आणि मुद्दलाच्या जागी येऊन बसतं. कळपाचं वेगळं काय होतं? पाडस पाडसाच्या जागी राहत नाही, आईच्या जागी येतं. 'घातांकी'त हे काहीच दिसत नाही, फक्त आकड्याच्या डोक्यावर चढलेला छोटा आकडा दिसतो.

हां, लॉजिस्टिक. 'पुरवठा वाढ' साफ चूक. सैन्याच्या रसदीचं लॉजिस्टिक्स वेगळं. हे नाव बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने 1845 साली आपल्या वक्ररेषेला दिलं (सूत्र 1838चं) आणि का दिलं ते सांगितलं नाही. ग्रीकांची 'लोगिस्तिके' म्हणजे व्यवहारातलं हिशेबाचं गणित, नातं लावायचंच तर तिथे लावा. मराठीत 'मर्यादाबद्ध वाढ' म्हणा, कारण धारणक्षमता (म्हणजे ती जागा जास्तीत जास्त जितके जीव पोसू शकते ती संख्या) जवळ आली की ती रेषा हळूहळू सपाट होते.

फक्त तिच्याखाली सेंट मॅथ्यूचं उदाहरण छापू नका. तिथे 1963 मध्ये 6,000 रेनडिअर झाले. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं लायकेन हा त्यांचा हिवाळ्याचा चारा, तो त्यांनी खरवडून संपवला. पुढचा हिवाळा कडक निघाला. 1966 साली मोजले तेव्हा 42 उरले होते, 41 माद्या आणि एकच नर.