व्हिडिओत माकडानं कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरलं म्हणजे त्याला दया आली का?

दया वगैरे नाय ओ. मी साताऱ्याचा, महाबळेश्वरला माकडं लहानपणापासून बघतोय. तिथं माकडानं दात दाखवले की टुरिस्ट लोक "हसतंय बघ" म्हणत सेल्फीला जवळ जातात, आता ते दात विचकणं म्हणजे बऱ्याचदा भीती असते आणि तोंड उघडून रोखून बघत असेल तर सरळ धमकी, मग हातातलं कणीस जातं आणि वर ओरखडा फुकट.

पिल्लाचं पण तसंच. लहान, मऊ, केसाळ काय दिसलं की उचलून धरायची त्यांची सवय, पण माकड त्याला दूध थोडीच पाजणार? झाडावर न्हेलेलं पिल्लू उपाशी तरी राहतं नायतर खाली पडतं, ते व्हिडिओत येत नाय.

कुत्र्याचा "सॉरी" वाला चेहरा पण बघा. २००९ साली कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ बाईंनी प्रयोग केला, खाऊ न चोरलेल्या कुत्र्यानं पण मालक ओरडला की तस्साच चेहरा केला. आमचा मोत्या तर चप्पल मी स्वतः हरवली तरी कान पाडून बसतो. जीव लावतात ओ प्राणी, पण माकडाच्या हातात पिल्लू दिसलं तर आधी सोडवा, व्हिडिओ नंतर.